गोड्या पाण्यातला बोट क्लब: नागपूर परिसरात उभा करायचा आणि चालता ठेवायचा कसा

नागपूरला समुद्र नाही, पण पाण्याची वाण नाही. शहरातच अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, रामटेकजवळ खिंडसी, पेंच नदीवर नवेगाव खैरी आणि तोतलाडोह, कुही तालुक्यात आंभोऱ्याला गोसीखुर्दचं पसरलेलं पाणी. सुट्टीच्या दिवशी या काठांवर जी गर्दी लोटते ती पाहून अनेकांच्या मनात येतं की चार बोटी टाकाव्यात आणि बोटिंग सुरू करावं. बोटी विकत घेणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. धंदा टिकतो की बुडतो, आणि माणसं सुखरूप घरी जातात की नाही, हे जेटीवर, म्हणजे बोटीत चढण्या-उतरण्याच्या धक्क्यावर, ठरतं. म्हणून या लेखात बोटींपेक्षा जेटीबद्दल जास्त वाचायला मिळेल.

जागा ठरवण्याआधी पाणी वर्षभर बघा

आपल्याकडचे बहुतेक जलाशय सिंचनाचे किंवा पिण्याच्या पाण्याचे आहेत. ऑक्टोबरमध्ये तुडुंब, मेअखेरीस तळाला. समुद्रावर भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते; आपल्याकडची ओहोटी आठ महिने चालते आणि भरती एका रात्रीत येऊ शकते. जो माणूस दिवाळीत जागा पाहून करार करतो, त्याच्या जेटीसमोर होळीनंतर नुसता चिखल असतो.

हिशेब अगदी साधा आहे. काठाचा उतार ५० फुटांना १ फूट असेल आणि पाणी १० फूट उतरलं, तर पाण्याची कड ५०० फूट मागे जाते. एवढं अंतर लेकरंबाळं आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन कोणी चिखलातून चालत येणार नाही. म्हणून थोडा उभा काठ निवडा, जिथे पाणी उतरलं तरी फार दूर जात नाही. जलसंपदा विभाग प्रत्येक धरणाच्या पाणीपातळीची नोंद ठेवतो. मागच्या काही वर्षांच्या नोंदी मागून घ्या आणि पूर्ण संचय पातळी व सर्वांत खालची पातळी यांतला फरक कागदावर लिहून काढा. पुढची सगळी मापं त्या एका आकड्यावर बसतात.

उन्हाळ्यात पाणी तळाला असताना काठाने स्वतः चालत जा. धरण बांधताना बुडालेल्या झाडांचे खुंट, जुन्या विहिरी, बांध, खडक तेव्हा उघडे पडतात. प्रत्येकाची जागा मोबाइलवर जीपीएसने नोंदवून ठेवा. हेच खुंट जानेवारीत हातभर पाण्याखाली असतात आणि बोटीच्या इंजिनाचा पंखा तोडतात. सांडवा आणि दरवाजे यांपासून शक्य तितकं लांब राहा, आणि त्या बाजूला तरंगत्या पिंपांची दोरी आडवी लावून ‘इथून पुढे बोट नाही’ अशी दिसणारी सीमा आखा.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण त्याला बगल देऊ नका. पाणी कोणाच्या ताब्यात आहे हे आधी शोधा: महानगरपालिका, जलसंपदा विभाग, वनविभाग, की आणखी कोणी. एकाच तलावात पाणी एकाचं, काठ दुसऱ्याचा आणि मासेमारीचा ठेका तिसऱ्याचा असं सर्रास असतं. इंजिनाच्या बोटींना अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ लागू होतो. त्यानुसार बोटीचं सर्वेक्षण, नोंदणी, चालकाचं प्रमाणपत्र आणि विमा हे सगळं लागतं. महाराष्ट्रात सर्वेक्षण आणि नोंदणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. पेडल आणि वल्ह्यांच्या बोटींची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करायची तरतूद याच कायद्यात आहे. पेंचसारख्या ठिकाणी व्याघ्र प्रकल्पाचे नियम वेगळे, आणि पाणथळ जागांचे २०१७ चे नियम लागू असतील तर काठावर पक्कं बांधकाम करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

जेटी: पाण्याबरोबर खालीवर होणारीच हवी

सिमेंटच्या पायऱ्या दिसायला छान दिसतात आणि वर्षातले दोन-तीन महिने उपयोगी पडतात. नंतर शेवटची पायरी पाण्याच्या वर टांगलेली राहते आणि माणसं तिच्यावरून बोटीत उड्या मारतात. सगळ्यात जास्त पाय इथेच मुरगळतात. म्हणून तरंगती जेटी.

सध्या सगळीकडे एचडीपीई प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या जेट्या मिळतात. नेहमीचा ठोकळा ५० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच. चार ठोकळ्यांचा एक चौरस मीटर होतो आणि तो पूर्ण बुडेपर्यंत साधारण ३५० किलो पेलतो. विकणारा हाच आकडा सांगतो. पण माणसं जेटीवर सारखी पसरून उभी राहत नाहीत. बोट लागली की सगळी एका कडेला धावतात, ती कड दबते, मागची उचलते, आणि घाबरून सगळे पुन्हा उलट्या बाजूला सरकतात. त्यामुळे सांगितलेल्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी माणसं जेटीवर घ्यायची आणि बाकीची रांग काठावरच्या सावलीत ठेवायची. ही सावली मंडपाची, पत्र्याची, कसलीही असो, पण ती पहिल्या दिवसापासून हवी.

काठ आणि जेटी यांना जोडणारा पूल बिजागरीवर बसवा. त्याचा उतार चारास एकपेक्षा उभा होता कामा नये. म्हणजे पाणी ३ मीटर उतरणार असेल तर पूल किमान १२ मीटर लांब लागतो. पातळीतला फरक त्याहून मोठा असेल तर एकाच पुलावर भागत नाही. जेटीच पाण्याच्या मागे सरकवावी लागते. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला जेटी सरकवण्याचा एक दिवस ठरवून टाका, शक्यतो सोमवारी सकाळी, गर्दी ओसरल्यावर. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत राहिलात तर एक दिवस अर्धी जेटी चिखलात रुतलेली आणि अर्धी पाण्यात वाकलेली सापडते, आणि मधल्या ठोकळ्यांचे जोडणीचे कान तुटलेले असतात.

जेटी धरून ठेवायला तळाशी काँक्रीटचे ठोकळे आणि त्यांना साखळी. इथे एक गोष्ट बरेचजण विसरतात: काँक्रीटचं वजन पाण्यात सुमारे चाळीस टक्के कमी भरतं. काठावर १०० किलोचा ठोकळा तळाशी ६० किलोच्या आसपासच धरतो. वाऱ्याचा जोर धरून हिशेब करा आणि वर भरपूर शिल्लक ठेवा. साखळी पूर्ण पातळीच्या खोलीच्या किमान तिप्पट लांबीची घ्या, पाणी उतरलं की वरून आखूड करा. पिवळी-निळी स्वस्त प्लास्टिकची दोरी नागपूरच्या उन्हात एका उन्हाळ्यात भुसभुशीत होते. चिमटीत धरून पिळली की भुकटी निघते. अशी दोरी दिसली की त्याच दिवशी कापून फेका, म्हणजे ती कोणी पुन्हा कुठे बांधणार नाही.

जेटीवरची वीज

याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. दिव्यांच्या माळा, पंप, चार्जर, संगीत, सगळ्यांच्या वायरी जेटीवरून जातात आणि अनेक ठिकाणी त्या चिकटपट्टी गुंडाळून जोडलेल्या असतात. खाऱ्या पाण्यात वीज सुटली तर ती पाण्यातूनच पसरून जाते. गोडं पाणी विजेचं कमजोर वाहक आहे आणि माणसाचं शरीर त्यापेक्षा चांगलं वाहक. त्यामुळे तलावात गळती असलेल्या वायरीजवळ कोणी पोहत असेल तर वीज पाण्यापेक्षा त्याच्या शरीरातून जाणं पसंत करते. हातपाय आखडतात, माणूस हाकही न मारता खाली जातो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं पोहता येत नव्हतं.

त्यामुळे तीन गोष्टी ठाम ठेवा. जेटीकडे जाणाऱ्या प्रत्येक लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच), आणि त्याचं चाचणी बटण दर आठवड्याला दाबून बघायचं. जमेल तिथे २३० व्होल्टऐवजी १२ व्होल्टचे दिवे. आणि जेटीच्या आसपास पोहायला सक्त मनाई, कर्मचाऱ्यांनाही. कोणी पाण्यात पडला आणि त्याला झिणझिण्या येतायत असं म्हणाला, तर मागोमाग उडी मारू नका. आधी मेन स्विच पाडा, मग दोरीची रिंग फेका. मेन स्विच कुठे आहे हे चहावाल्या पोरालासुद्धा माहीत असलं पाहिजे.

कोणत्या बोटी

छोट्या तलावात पेडल बोटी आणि वल्ह्यांच्या बोटी पुरतात. खिंडसी किंवा आंभोऱ्यासारख्या मोकळ्या पाण्यावर पेडल बोटींना तरंगत्या बोयांच्या आतच ठेवा, कारण वारा सुटला की दोन शहरी पाहुण्यांच्या पायांत उलट वाऱ्याने परत येण्याइतका दम नसतो. फिरायची हद्द जेटीच्या अशा बाजूला आखा की वारा त्यांना जेटीकडे ढकलेल. मोठी बोट घ्यायची तर सपाट, रुंद बुडाची किंवा दोन बुडांची घ्या. कुटुंबकबिला चढताना ती कमी डोलते. आणि नवेगाव खैरीचं पाणी नागपूर पितं, हे लक्षात ठेवून जुनं धूर ओकणारं टू-स्ट्रोक इंजिन घेण्यापेक्षा फोर-स्ट्रोक किंवा बॅटरीची बोट घ्या. पहिला खर्च जास्त, पण आवाज कमी, तेलाचा तवंग नाही, आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी जवळ असताना लोकांना त्याचीच किंमत कळते.

सुटकेची, म्हणजे बुडणाऱ्याला वाचवायची, बोट वेगळी हवी. ती तिकिटाच्या फेरीला कधीच जाणार नाही, रविवारी संध्याकाळी कितीही रांग असली तरी. इंजिन खाली, चावी लावलेली, टाकी भरलेली, आत दोरी आणि दोन रिंगा.

जेटीवरचा माणूस

संपूर्ण क्लबमध्ये सगळ्यात जास्त अधिकार जेटीवर हात धरून लोकांना चढवणाऱ्या माणसाला हवा. त्याने ‘नाही’ म्हटलं तर मालकानेही हो म्हणायचं नाही. हे लेखी द्या. कारण त्याच्यासमोर दर रविवारी हा संवाद होतो:

“भाऊ, एवढंसं तर लेकरू आहे. मांडीवर घेऊन बसते ना मी.”

“ताई, लेकरूही आम्ही एक माणूसच धरतो. पुढच्या बोटीत तुम्ही दोघंही आरामात बसा.”

“अहो, आम्ही सगळे एकाच घरचे आहोत!”

“मग सगळे एकाच घरी परत जाल, ताई. दहा मिनिटं थांबा.”

आवाज न चढवता, हसून, पण न हलता हे बोलता येणारा माणूस शोधा. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात तरुण मुलांची बोट उलटली. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत एक नाव उलटून ११ जण गेले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. हरणीत बोटीवर क्षमतेपेक्षा जास्त लोक होते आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. बोट सुटण्याआधी जेटीवर थांबवता आली असती.

क्षमता प्रत्येक बोटीवर बाहेरून, हातभर मोठ्या मराठी आकड्यात रंगवा, म्हणजे रांगेतला शेवटचा माणूसही मोजू शकेल. माणशी ७५ किलो धरा. सावजी जेवून आलेली मंडळी असतील तर त्याहून कमीच बसवा, हे मी गांभीर्याने सांगतो: भरल्या पोटी माणूस सुस्त असतो, तोल सावरायला वेळ लावतो. दारू पिऊन आलेल्याला बोटीत घ्यायचं नाही, पूर्ण पैसे परत द्यायचे आणि विषय संपवायचा. फोटोसाठी उभं राहणं, एका बाजूला सगळ्यांनी झुकणं, हे चालकाने इंजिन बंद करून थांबवायचं. सगळे बसल्याशिवाय बोट पुढे जाणार नाही एवढं कळलं की लोक आपोआप बसतात.

लाइफ जॅकेटचे वेगळे पैसे कधीही घेऊ नका. तिकिटात धरा. दहा रुपये वाचवायला जॅकेट नाकारणारा माणूस तुमच्या दारात उभाच राहता कामा नये. आडोशाच्या पाण्यासाठी १०० न्यूटनचं, म्हणजे साधारण दहा किलो पेलणारं, जॅकेट ठीक आहे. मुलांना मुलांच्याच मापाचं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. तो पट्टा नसला तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि मूल खालून निसटतं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे.

जॅकेट जुनं झालं की आतला फोम दबतो, वरून दिसत नाही. वर्षातून दोनदा मोठ्यांच्या प्रत्येक जॅकेटची परीक्षा घ्या: दहा किलो लोखंडाची वजनं त्याला बांधून चोवीस तास हौदात सोडा. पाण्यात लोखंडाचं वजन सुमारे आठवा हिस्सा कमी भरतं, म्हणजे जॅकेटवर पावणेनऊ किलोंचा भार येतो. दुसऱ्या दिवशीही ते वर असेल तर ठेवा, नाहीतर पट्टे कापून टाका. रोज संध्याकाळी जॅकेटं सावलीत, हँगरला लावून वाळवा. ओली जॅकेटं ढीग करून ठेवली की बुरशी येते आणि मग लोक घालायला नाकं मुरडतात. त्यांचंही बरोबर आहे.

हवामान

मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर विदर्भात वादळ कसं उठतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. तासभर आधी पान हलत नाही, मग पश्चिमेला काळी भिंत दिसते, धूळ उडते आणि पंधरा मिनिटांत तलाव उकळायला लागतो. प्रादेशिक हवामान केंद्र नागपूरहून तात्काळ अंदाज देतं, तो सकाळी, दुपारी आणि तीन वाजल्यानंतर दर तासाला बघायचा. विजांसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. ४० च्या आत वीज आली की नवी बोट सोडायची नाही, २० च्या आत आली की सगळ्या परत. विजेचा लोळ आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर अ‍ॅप काहीही म्हणो, पाणी रिकामं करायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा सुरू करायचं नाही. जेटीवर एक झेंडा हवा: हिरवा चालू, लाल बंद. लाल झेंडा लागला की पैसे परत, हे तिकिटावरच छापा. पैसे परत मिळतात हे माहीत असलं की लोक भांडत नाहीत.

नवतप्यात दुपारी अकरा ते साडेचार बंदच ठेवा. फायबरची बैठक तेव्हा चटका देते, आणि उष्माघात झालेल्या माणसाला तलावाच्या मधून परत आणणं सोपं नाही. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळ, एवढ्यात उन्हाळ्याचा धंदा होतो.

इंजिन: रोजचं, महिन्याचं, वर्षाचं

रोज पहिली गोष्ट: इंजिन सुरू केल्यावर मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडते की नाही. ही धार म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय याची खूण. धार बारीक झाली किंवा थांबली की ताबडतोब बंद. आपल्या तलावांत गाळ आणि जलपर्णीची मुळं असल्यामुळे पाणी ओढणारी जाळी वारंवार तुंबते. आत रबरी पात्यांचा इम्पेलर असतो. गाळाच्या पाण्यात तो लवकर झिजतो, म्हणून दरवर्षी दिवाळीआधी बदलायचा, चांगला दिसत असला तरी.

दुसरी गोष्ट पंख्यामागची. मासे पकडणारे गळाची नायलॉनची दोरी टाकून जातात, ती पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळते आणि हळूहळू ऑइल सील कापते. बाहेरून काही कळत नाही. महिन्यातून एकदा पंखा काढून बघा, पांढरी चकती गुंडाळल्यासारखी दिसेल, ब्लेडने कापून काढा. मग खालच्या गिअरचं तेल तपासा: इंजिन उभं ठेवून खालचा स्क्रू थोडा सैल करा आणि दोन थेंब बोटावर घ्या. तेल दुधाळ असेल तर पाणी आत गेलेलं आहे, सील बदलल्याशिवाय ती बोट पाण्यात घालू नका. नवं तेल भरताना खालच्या छिद्रातून भरायचं, वरच्या छिद्रातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग नळी काढून खालचा. उलट केलं तर आत हवा राहते.

पंख्याजवळ आणि बुडाला लावलेले अ‍ॅनोडचे तुकडे बघा. हे स्वतः झिजून बाकीचं धातू वाचवतात. नव्या इंजिनाला बऱ्याचदा खाऱ्या पाण्याचा जस्ताचा अ‍ॅनोड लावलेला येतो. गोड्या पाण्यात तो नीट काम करत नाही, त्यावर पांढरी साय धरते. आपल्याला मॅग्नेशियमचा लागतो. निम्मा झिजला की बदला.

पेट्रोलचा प्रश्न आता वाढला आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायची) इंजिनं १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेली असतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि तलावकाठी ओल कायमच असते. टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलखाली पाणी साचतं. म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच आणा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, रबरी नळ्या आणि बल्ब दरवर्षी बदला, आणि शेवटच्या फेरीला नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. टू-स्ट्रोकला एका लिटरला २० मिली तेल, ते बोटीसाठीचंच. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं. ते जेटीपासून दूर, सावलीत, धातूच्या कॅनमध्ये ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या बुडात जाऊन बसते. म्हणून प्रवासी बसलेले असताना कधीही इंधन भरायचं नाही, आणि भरल्यावर पाच मिनिटं थांबून, वास घेऊन मगच चावी फिरवायची. चालकाच्या मनगटाला लाल दोरी अडकवलेली हवी, तो पडला की इंजिन आपोआप बंद व्हावं. ही दोरी हँडलला गुंडाळून ठेवणारा चालक कामाचा नाही.

फायबरची बोट वर्षातून एकदा बाहेर काढून, उलटी करून, कोरडी करून तिचं बूड तपासा. फोड आले असतील तर आत पाणी शिरतंय. वरचा भाग हात फिरवला की पांढरी पूड लागत असेल तर उन्हाने थर उडाला. घासून मेण लावा. बारीक भेगा जिथे एका बिंदूतून फुटल्यासारख्या दिसतात तिथे आतून मार बसलेला असतो, नुसती पुट्टी भरून चालणार नाही.

पाणी, जलपर्णी आणि मच्छीमार

अंबाझरीत जलपर्णी कशी पसरली हे नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. सांडपाणी मिळालं आणि ऊन मिळालं की दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. दोन-चार रोपं दिसली त्याच दिवशी हाताने काढा. गालिचा झाल्यावर यंत्रं आणि निविदा लागतात. काढलेला ढीग काठापासून इतका लांब टाका की पावसाने परत वाहून येणार नाही.

ढिवर, भोई समाजाची मच्छीमार संस्था तलावावर तुमच्या आधीपासून आहे. पहिली भेट त्यांची घ्या, करार नंतर. जाळी कुठे, किती वाजता लागतात, डोंगे कुठून जातात, अंडी देण्याच्या काळात कोणता भाग सोडायचा, हे सगळं मिळून नकाशावर आखा. चालक आणि जीवरक्षक त्यांच्याच पोरांमधून घ्या. वारा कुठून येणार आणि खाली खुंट कुठे आहे हे त्यांना बाहेरून आलेल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं. त्यावर शास्त्रीय शिक्षण द्या; गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट चालवणं आणि जीवरक्षण यांचे अभ्यासक्रम घेते. फी, प्रवास तुम्ही भरा, आणि परत आल्यावर पगार वाढवा, नाहीतर तो दुसरीकडे जाईल.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचं याचा सराव दर महिन्याला घ्या. उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, हे बंद. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि एकजण त्याच वेळी ११२ किंवा १०८ ला फोन लावतो. सर्वांत जवळचं दवाखान्याचं अंतर आणि रुग्णवाहिका कुठल्या रस्त्याने काठापर्यंत येईल हे जेटीच्या फळ्यावर लिहिलेलं असू द्या. खिंडसीसारख्या ठिकाणी त्रिपुरारी पौर्णिमेच्या यात्रेत रामटेकचा रस्ता तुंबतो, त्या दिवशी गाडी आधीच आणून उभी करा.

पैसा

वर्षाचा बहुतेक गल्ला ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या शनिवार-रविवारी आणि सणांना जमतो. म्हणून खर्चाचा हिशेब महिन्यावर करू नका, वर्षावर करा; हिवाळ्यात आलेल्या पैशातून पावसाळ्यातले पगार आणि मोठी दुरुस्ती आधी बाजूला काढा. टोकन द्या, वेळ छापा, लोक काठावर चहा-भजी खात थांबतील. खाण्याच्या दुकानाचं आणि पार्किंगचं भाडं बऱ्याचदा बोटींपेक्षा खात्रीचं उत्पन्न देतं. आठवड्यातले मधले दिवस शाळा, फोटोग्राफर आणि पक्षी बघणाऱ्यांसाठी ठेवा, कमी दरात, सकाळी. स्वच्छ संडास आणि बायकांना कपडे बदलायला आडोसा नसेल तर कुटुंबं दुसऱ्यांदा येत नाहीत.

पावसाळा आणि पुन्हा सुरुवात

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की बंद करा. पाणी गढूळ असतं, वाहून आलेली लाकडं दिसत नाहीत, दरवाजे कधी उघडतील सांगता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी कसा ओसंडला आणि काही तासांत वस्त्यांत पाणी शिरलं हे शहराने पाहिलं. बोटी पाण्यातच बांधून ठेवायच्या असतील तर ताडपत्री घट्ट लावा. ५ मीटर लांब, २ मीटर रुंद उघड्या बोटीत १० सेंटिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर, एक टन पाणी. विदर्भात एका रात्रीत एवढा पाऊस पडतो आणि सकाळी बोट तळाला असते. त्यापेक्षा वर ओढून, उलट्या करून, लाकडी ओंडक्यांवर ठेवा. इंजिनं काढून कोरड्या खोलीत उभी ठेवा, बॅटऱ्या महिन्यातून एकदा चार्ज करा.

दसऱ्याच्या आधी पुन्हा सुरू करताना प्रत्येक बोटीत माणसांऐवजी वाळूची पोती भरा, दर माणशी २५ किलोची तीन. क्षमतेएवढी पोती भरून कडेपासून पाण्यापर्यंत किती अंतर उरतं ते मोजा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा. अंतर कमी झालं असेल तर बुडात कुठेतरी पाणी मुरलं आहे. मग निम्मी पोती एका बाजूला सरकवा आणि ती किती कलते ते बघा. जी बोट यात पास होईल तिच्यावरचा आकडा नव्याने रंगवा, तारीख टाका, आणि पहिली फेरी चालक, जीवरक्षक आणि स्वतः मालक अशा सगळ्यांनी जॅकेटं घालून मारावी.